तेविसाव्या दगडाखाली

गावात त्याला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे गवंड्याच्या दोरीला टांगलेलं ते टोकदार वजन, भिंत सरळ आहे की नाही हे सांगणारं. माणूस तसा होताही उंच, सडपातळ, मान खाली घालून चालणारा. पण नाव पडलं ते खोडीमुळे. कोटाच्या उजव्या खिशात कायम एक लोखंडी ओळंबा असायचा. कुणाकडे गेला की बसायच्या आधी दाराच्या चौकटीला दोरी लावून बघणार. खिडकी, फडताळ, भिंतीवरची तसबीर, काही म्हणजे काही सुटायचं नाही. एका लग्नात नवरा-नवरी फोटोसाठी उभे राहिले, तर याने पुढे होऊन नवऱ्याला सांगितलं, "जरा डावीकडे झुकलायस." बायको होती तोवर अशा वेळी ती मागून त्याच्या कोटाची बाही ओढायची. पुढे ती गेली, मुलं शहरात गेली, आणि बाही ओढणारं कोणी उरलं नाही.

त्याचं काम होतं गावाची हद्द सांभाळण्याचं. वरचं गाव आणि त्याचं स्वतःचं खालचं गाव यांच्यामध्ये डोंगराच्या कडेकडेने एकेचाळीस दगड रोवलेले होते. पडलेला दगड उभा करायचा, झिजलेल्यावर आकडा पुन्हा कोरायचा, वर्षातून दोनदा सगळी रांग पायी तपासायची. ऐकायला सोपं वाटतं. पण दगड हलवणं त्याहून सोपं असतं. दोन धडधाकट भाऊ आणि एक पहार असली की शेजाऱ्याचं अर्धं कुरण सकाळपर्यंत आपलं होतं. म्हणून जुन्या लोकांनी एक युक्ती काढली होती. प्रत्येक दगडाखाली साक्ष पुरलेली असायची. कुठे फुटक्या कौलाचे तीन तुकडे, कुठे कोळसा आणि त्याच्यावर हिरव्या बाटलीची काच, कुठे भट्टीतल्या जळक्या विटेच्या पाच खापऱ्या. कोळसा कुजत नाही, काच सडत नाही. कुठल्या दगडाखाली काय आणि कसं मांडलंय, हे जगात फक्त एकाला माहीत असायचं: गावाने शपथ दिलेल्या माणसाला. तो म्हातारा झाला की आपल्या शिष्याला सांगायचा. दगड उकरायची वेळ आलीच, तर हजर असलेल्या सगळ्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं, मग तो गावचा प्रमुख असो की न्यायाधीश. आणि उगाच, नुसतं बघायचं म्हणून, दगड उघडायचा नाही. तो त्या शपथेतला सगळ्यात कठीण भाग होता, निदान ओळंब्यासाठी तरी.

कारण या माणसाला जन्मजात उत्सुकतेचा रोग. लहानपणी त्याने घड्याळ उघडलं होतं, कुलूप उघडलं होतं, एकदा तर शेळी काय काय खाते हे बघायला दिवसभर तिच्या मागे फिरला होता. आणि नियतीने त्याच्या नशिबी असं काम लिहिलं, ज्यात बघायचं नाही हाच नियम.

शपथ त्याच्याआधी त्याच्या बापाकडे होती. नाकासमोर चालणारा माणूस. दोन भावांचा तंटा असो की नवरा-बायकोचा, तो एक शब्द बोलला की विषय मिटायचा. त्याने मुलाला हद्दीवरून चालता चालता एकेका दगडाची साक्ष तोंडपाठ करून दिली. एक ते बावीस. मग चोवीस ते एकेचाळीस. तेवीस नंबरचा दगड आला की बाप दोन पावलं पुढे निघून जायचा आणि म्हणायचा, "हा माझा आहे. याचं पुढे बघू."

हे 'पुढे' कधी आलंच नाही. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा मुलाने शेवटी धीर करून विचारलं, "बाबा, तेविसाव्याखाली काय आहे?" बापाने नजर छताकडे वळवली. "वेळ आली तर उघड," तो म्हणाला. "नाही आली तर नको." आणि दोन दिवसांनी गेला.

मग ओळंबा वर्षानुवर्षं त्या दगडाशेजारून ये-जा करत राहिला. काय असेल? कधी वाटायचं, कुणाचं तरी हाड. कधी वाटायचं, पत्र. बायकोचं मत निराळं होतं. ती म्हणायची, "काही नसेल हो. काय पुरलं ते विसरले असतील आणि सांगायची लाज वाटली असेल." हे त्याला अजिबात पटायचं नाही, पण खोडून काढायलाही काही सापडायचं नाही. दगडाजवळ आला की तो नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि पुढे जायचा.

तो दगड बसवला त्या दिवसाची त्याला आठवण होती, पण अर्धीच. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. त्या साली वरून दरड कोसळली होती आणि उताराचा सगळा चेहराच बदलला होता. झाडं, वाट, खुणेचे खडक, सगळं गाडलं गेलं. बावीस ते पंचवीस हे चार दगड नव्याने बसवायचे होते. बावीस झाला. तेविसाच्या वेळी बाप म्हणाला, "घरी जा आणि छिन्नी घेऊन ये." छिन्न्या दोन होत्या आणि दोन्ही पिशवीतच होत्या, हे पोराला माहीत होतं. पण बापाला उलट विचारायची पद्धत नव्हती. तो गेला, एक तासाने परत आला, तर दगड उभा. बाप बाजूला मातीत बसलेला.

"काय पुरलंत बाबा?"

"जे पुरायला हवं होतं ते."

त्याच आठवड्यात बापाचा पितळी ओळंबा हरवला. ओढ्यात पडला, म्हणाला. आजोबांपासून चालत आलेली वस्तू. आईने त्यावरून त्याला महिनाभर फैलावर घेतलं, तो एक शब्द बोलला नाही. बाजारातून एक लोखंडी ओळंबा आणला, मुलाच्या हातात दिला आणि सांगितलं, "यापुढे दगड तू उभे करायचे. माझी नजर आता सरळ राहिली नाही." डोळे अधू झाले असं सगळे धरून चालले. मात्र हाच माणूस मरेपर्यंत सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायचा.

अशी चाळीस साक्षी पोटात ठेवून आणि एका साक्षीची उत्सुकता उराशी बाळगून ओळंबा सत्तर वर्षांचा झाला, आणि मग लढाई झाली.

लढाई गावात आली नाही. दोन दऱ्यांपलीकडे तोफा वाजायच्या, खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि कोंबड्या आठवडाभर अंडी देईनाशा झाल्या. नऊ महिन्यांत आपला देश हरला. शेजारचा देश जिंकला. बळी तो कान पिळी, त्यांनी डोंगराचा सगळा वरचा भाग मागितला. कुठल्या तरी लांबच्या शहरात, ज्यांनी हा डोंगर आयुष्यात पाहिला नव्हता अशा लोकांनी उंटावरून शेळ्या हाकल्या आणि तह केला. तहात लिहिलं होतं की नवी सरहद्द 'वरच्या आणि खालच्या गावांमधल्या पूर्वापार हद्दीने' जाईल. म्हणजे कालपर्यंत शेळ्यांनी कुठवर चरायचं एवढंच ठरवणारे एकेचाळीस दगड आता दोन देशांचे झाले. आणखी एक कलम होतं: दगडाबद्दल शंका आल्यास गावच्या शपथ घेतलेल्या माणसाचा शब्द अखेरचा. ओळंब्याने ते कलम तीनदा वाचलं. त्याला आधी गंमत वाटली. मग त्याने कागद उलटा करून ठेवला.

दोन्ही देशांकडून एकेक अधिकारी आला. आपल्या बाजूने एक वयस्क साहेब, ज्यांच्या हातात ऊन असो नसो, छत्री असायचीच. गावाने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव छत्रीसाहेब ठेवलं. जिंकलेल्या बाजूने एक मोजणीबाई होती. पस्तिशीची, उन्हाने रापलेली, तीन पायांवर उभं राहणारं दुर्बिणीचं यंत्र स्वतःच्या खांद्यावर वाहणारी. ओळंब्याने ठरवलं होतं की जिंकलेल्यांशी कामापुरतंच बोलायचं. पण बाईने पहिल्याच दगडाशी विचारलं, "आकडा उत्तरेकडच्या अंगालाच का कोरता?" आणि याची कळी खुलली. असा प्रश्न त्याला चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. "दक्षिणेच्या अंगावर उन्हापावसाचा मारा," तो म्हणाला. "उत्तरेकडे अक्षर टिकतं." तिने ते वहीत लिहून घेतलं. दुपारपर्यंत दोघांची गट्टी जमली.

चौथ्या दिवशी ते तेविसाव्याजवळ आले. बाईने यंत्र लावलं, एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "काका, जरा इथून बघता का?"

त्याने डोळा लावला आणि दचकला. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. डोंगर वर टांगलेला, आभाळ खाली. आणि मधोमध त्याची थोरली बहीण, आपल्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत, कोंबड्यांसकट डोक्यावर चालत होती.

"ही माझी ताई," तो हसत म्हणाला.

"असेल. पण दगड बघा. बावीस तिथे. चोवीस तिकडे. सगळी रांग कड्याच्या काठाने जाते. हा एकटाच बाहेर आलाय, बेचाळीस पावलं. तुमच्या बहिणीच्या घराला वळसा घालून."

ओळंब्याने पुन्हा बघितलं. मग दुर्बिणीतून डोळा काढून साध्या डोळ्यांनी बघितलं. आणि त्याला दिसलं. आयुष्यभर त्या जागी त्याची वाट वळत आली होती आणि तोही वाटेबरोबर वळत आला होता. लोकांच्या तसबिरी सरळ करत हिंडणाऱ्या माणसाला स्वतःच्या रांगेतला एवढा मोठा बाक कधी दिसला नव्हता. काखेत कळसा, दुसरं काय. हा दगड बाबांनी बसवला होता, आणि बाबांच्या दगडाला ओळंबा लावायचा असतो हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"दगड तो दगड," छत्रीसाहेब छत्री टेकून म्हणाले. "जिथे आहे तिथे आहे."

"दरडीनंतर चुकीच्या जागी बसला असेल तर?" बाई म्हणाली. "मला शंका नोंदवावी लागेल. उद्या सकाळी उघडू या. काका, तुमचा शब्द अखेरचा."

शंका खरी निघाली तर सरहद्द सरळ होणार होती. ताईचं घर त्या देशात आणि घरामागचा झरा या देशात.

ओळंबा रोज दुपारी ताईकडेच जेवायचा. ती चौऱ्याहत्तरची, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, गुडघे धरलेले, जीभ शाबूत. तो आत आला की चौकटीला ओळंबा लावायचा, चौकट दोन बोटं वाकडी आहे असं सांगायचा, आणि ती म्हणायची, "घर माझं वाकडं, तू का तिरपा होतोस?" हे रोजचं होतं. त्या दिवशी त्याने चौकटीकडे बघितलंही नाही, तेव्हा तिने चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं.

"काय झालं धाकट्या?"

त्याने सगळं सांगितलं. मग विचारलं, "ताई, दरडीच्या साली बाबा तुझ्याकडे आले होते का गं?"

ती बटाटे सोलत होती. सोलत राहिली. "त्या साली मी पडले होते, ते आठवतंय तुला?"

त्याला आठवत होतं, पण घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. ताईचं लग्न वरच्या गावातल्या माणसाशी झालं होतं, आणि त्याचं घर हद्दीच्या जेमतेम पलीकडे होतं. मागचा झरा खालच्या गावाचा. बाहेरच्यांनी भरायचा नाही, असा नियम. घरापासून तीस पावलांवर पाणी खळखळायचं आणि ताई नाल्यापर्यंत उतरून, हंडे घेऊन, तासभर चढून यायची. सातव्या महिन्यात ती हंड्यांसकट घसरली. मूल गेलं. पुढे तिला मूल झालंच नाही.

"मी उठून बसायला लागले होते," ताई म्हणाली. "एके दिवशी बाबा आले. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. पाणी मागितलं. नाल्याचंच होतं, तेच दिलं. प्यायले आणि म्हणाले, 'उद्यापासून झऱ्यावर जा. कुणी अडवलं तर म्हणावं, दगड बघून या.' कुणी अडवलं नाही. लोक म्हणाले, अरेच्चा, हे घर आपल्यातलंच होतं की! बाबांचा दगड म्हटल्यावर कोण बोलणार?"

"तू विचारलं नाहीस, कसं काय म्हणून?"

"मला पाणी हवं होतं रे. कारण नको होतं."

बाहेर कोंबडी ओरडत होती. मग ताई म्हणाली, "उद्या दगड सरकला तर मी त्या देशात. म्हणजे तुला जेवायला परवाना काढून यावं लागेल." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "आणि पाणी? परत नाल्यावरून?"

त्याने मान हलवली. त्या बाजूला सगळ्यात जवळचं घर दीड तासावर होतं. "माझ्याकडे राहायला चल," तो म्हणाला.

"ते सोडून बोल. या घरातून मी स्वतःच्या पायाने जाणार नाही." तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "आणि ऐक. तुला जे दिसेल ते तू सांग. बाबांनी तुला तेच शिकवलंय. माझ्याकडे बघून काही करू नकोस."

हे ती मनापासून बोलली, आणि त्यामुळेच त्याने ताट तसंच बाजूला सारलं.

सकाळी दहाला सगळे जमले. दोन हमालांनी पहारीने दगड आडवा केला आणि ते उतारावर निघून गेले. ओळंब्याने कोट काढला नाही. त्याने घसा साफ केला आणि बापाच्याच सुरात म्हणाला, "पाठ फिरवा."

छत्रीसाहेब एका झाडाकडे तोंड करून उभे राहिले. मोजणीबाई दरीकडे वळली. एक जिंकलेला देश आणि एक हरलेला देश, दोघंही लपाछपीत राज्य आल्यासारखे डोळे वळवून उभे होते.

तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी माती काढायला लागला. काय असेल? आता या क्षणीसुद्धा, एवढं सगळं पणाला लागलेलं असताना, त्याच्या छातीत तीच जुनी उत्सुकता धडधडत होती आणि त्याला तिची लाज वाटली. वीतभर खोल गेला. कौल नाही. हातभर गेला. कोळसा नाही, काच नाही. बायको म्हणायची तेच खरं की काय? मग बोटांना काहीतरी कापडासारखं लागलं. मेणकापड, कुजून पापुद्रे सुटलेलं. आत काहीतरी जड.

त्याने ते तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने माती पुसली. पितळ हिरवं पडलं होतं. कडेला एक खोक होती. ती खोक त्याने स्वतः पाडली होती, सातव्या वर्षी, दगडावर आपटून, आणि त्याबद्दल आयुष्यातली एकुलती एक थोबाडीत खाल्ली होती. हा बापाचा ओळंबा होता.

ओढ्यात पडला नव्हता.

त्याला पहिल्यांदा राग आला. आयुष्यभर लोक बापाचं नाव घेऊन शपथा खात आले, त्या बापाने हे केलं? मग राग उतरला आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. बापाला इथे फुटकं कौल पुरता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं, मुलालाही नाही. पण खोट्या जागेखाली खरी साक्ष ठेवायला त्याचा हात धजला नाही. त्याने दगड हलवला, आणि मग ज्या वस्तूच्या जोरावर तो सरळ माणूस होता ती वस्तूच खाली ठेवून दिली. त्यानंतर एकही दगड उभा केला नाही. 'माझी नजर सरळ राहिली नाही' हे तो अगदी खरं सांगत होता. ऐकणाऱ्यांनीच डोळ्यांवर घेतलं.

आणि हे त्याने कुणासाठी पुरलं होतं? हा खड्डा उघडू शकणारा जगात एकच माणूस होता. बापाने मुलापाशी कबुली दिली होती, पन्नास वर्षं आधी, आणि पुढचं त्याच्यावर सोडलं होतं.

"काका?" मोजणीबाई न वळता म्हणाली. "सगळं ठीक ना?"

"हो. माती घट्ट आहे."

खाली ताईच्या घरातून धूर निघत होता. तीस पावलांवर झरा. तो खरं बोलला तर घर तिकडे जाईल, आणि एक म्हातारी बाई हंडा घेऊन नाल्याकडे उतरायला लागेल, ज्या वाटेवर तिचं मूल गेलं त्याच वाटेने. खोटं बोलला तर जिंकलेल्या देशाला बेचाळीस पावलांचा परस, दोन सफरचंदाची झाडं आणि एक कोंबड्यांचं खुराडं कमी मिळेल. एवढं कळायला ओळंबा लागत नाही. पण तो ओळंबा होता, आणि जन्मभर एकच काम करत आला होता.

त्याने कोटाच्या उजव्या खिशात हात घातला. लोखंडी ओळंबा बाहेर काढला, दोरी त्याच्याभोवती नीट गुंडाळली, जशी रोज गुंडाळायचा. मेणकापडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यात बापाचा पितळी ठेवला, त्याला लागून आपला लोखंडी ठेवला, आणि माती लोटली. हाताने थापून घट्ट केली.

"वळा," तो म्हणाला.

छत्रीसाहेबांनी कागद उघडला. प्रश्न दोनच होते आणि ते साहेबांनी खणखणीत आवाजात विचारले. "साक्ष सापडली?"

"सापडली." यात खोटं काही नव्हतं.

"दगड आपल्या जागी आहे?"

दुरून ताईच्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

"आहे," ओळंबा म्हणाला.

हमालांना हाक मारून दगड उभा केला. त्याच्या बुडाशी माती ठासली. छत्रीसाहेब खूश होते, त्यांनी सही करून घेतली. मोजणीबाई मात्र त्याच्याकडे बघत राहिली.

"काका, ओळंबा लावून नाही बघणार?" तिने विचारलं. "बाकीच्या बावीस दगडांना लावलात."

त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि कोटावरच थांबला. "डोळ्यांनाच दिसतोय सरळ," तो म्हणाला.

तिची नजर त्याच्या खिशावर गेली. चार दिवस तो खिसा वजनाने खाली ओढलेला असायचा, आता सपाट होता. मग तिने मातीत माखलेले त्याचे हात बघितले, मग खालचं घर, मग झरा. ती फार हुशार होती. तिने वही उघडली.

"बेचाळीस पावलांबद्दल मी काय लिहू?"

"लिहा की आमच्याकडे वाट तिथे वळते."

तिने पेन्सिलीला थुंकी लावली आणि जसंच्या तसं लिहिलं. मग यंत्र खांद्यावर टाकून चोवीस नंबरच्या दगडाकडे निघाली. त्या वळणासकट ती रेघ पुढे दोन्ही देशांच्या नकाशांवर छापली गेली.

दुपारी तो ताईकडे पोचला. उंबऱ्यावर उभं राहून त्याने वाकड्या चौकटीकडे बघितलं, खिशात हात घातला आणि रिकामा बाहेर काढला.

ताई भांडं उतरवत होती. "कुठल्या देशात आहे मी?"

"इथेच."

तिने भांडं खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले, चुलीच्या धुराचं निमित्त करून. मग लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काय होतं रे खाली?"

हा प्रश्न विचारणाऱ्याचं काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याला तिची फार दया आली. पण शपथ अजून होती, निदान तेवढी तरी. "साक्ष होती," तो म्हणाला.

"ते झालं. कसली?"

तो आत येऊन पाटावर बसला. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, मग चौकटीकडे, मग त्याच्या हाताकडे.

"तुझा ओळंबा कुठाय?"

"हरवला."

"कुठे?"

"ओढ्यात पडला."

ताई जागच्या जागी उभी राहिली. हे वाक्य तिने एकदा ऐकलं होतं, पन्नास वर्षांपूर्वी, आई बाबांना फैलावर घेत होती तेव्हा. या उतारावरून ओढ्यात एवढ्या वस्तू पडत नाहीत.

गुडघा धरत ती मागच्या दारातून बाहेर गेली, आणि पेला भरून परत आली. पेला बाहेरून ओला होता. तो तिने भावापुढे ठेवला.

"पी," ती म्हणाली. "झऱ्याचं आहे."